लिमरिकचे पाषाण आणि काटोलचे कर्तव्य

आयर्लंडमधील लिमरिक परगण्यात, अडेर गावाच्या आसमंतात, 10 सप्टेंबर 1813 रोजी आकाशातून पाषाणांचा वर्षाव झाला. त्यांचे एकत्रित वजन सुमारे 48 किलो भरले, आणि विज्ञानाच्या दप्तरी त्यांची नोंद ‘लिमरिक’ याच नावाने आहे. असे पाषाण केवळ चमत्कारिक वस्तू म्हणून कपाटात विसरून जाणे हा ज्ञानाचा अपव्यय होय. कारण ज्या द्रव्यापासून पृथ्वी घडली, त्या द्रव्याचा इतका प्रत्यक्ष पुरावा क्वचितच आपल्या हाती येतो.

ग्रह घडण्याचा आरंभ असा: नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धूळ यांची चकती फिरत असते. चिलीतील अल्मा दुर्बिणीने 2014 साली सुमारे 450 प्रकाशवर्षे दूरच्या एचएल टॉरी या ताऱ्याभोवतीच्या चकतीतील वलये जगाला दाखविली. अशा चकतीत धूलिकण परस्परांना चिकटून खड्यांएवढे होतात, इथवरचा मार्ग सुगम आहे. परंतु पुढे वायूचा रोध आडवा येतो, आणि मीटरभर आकाराचे धोंडे, वाढण्यास अवधी मिळण्यापूर्वीच, काही शतकांच्या आत ताऱ्याकडे ओढले जातात. या कोड्याचा एक उलगडा 2005 साली युडिन आणि गुडमन यांनी सुचविला: खडे दाटीने एकत्र आले म्हणजे तेच वायूला आपल्यासवे ओढू लागतात, त्यांच्यावरील रोध घटतो, मागाहून येणारे खडे त्यांना मिळत जातात, आणि अखेर तो समुदाय स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकुंचित होऊन कित्येक किलोमीटर व्यासाचे ग्रहबीज जन्मास येते. 1 जानेवारी 2019 रोजी न्यू होरायझन्स यानाने जवळून पाहिलेल्या अ‍ॅरोकोथ या लघुपिंडाचे दोन खंड परस्परांना न चिरडता जुळलेले आहेत, ही गोष्ट या उपपत्तीस बळ देते.

ग्रहबीजाच्या पोटात पुढे काय घडले, हे मात्र दुर्बीण नव्हे, पाषाणच सांगतो. एच-5 या अशनिवर्गातील लिमरिकच्या पाषाणात, एकेकाळी वितळून थिजलेल्या सिलिकेटच्या बारीक गोळ्या आहेत. त्या ज्या पिंडात सामावल्या, तो अॅल्युमिनियम-26 च्या किरणोत्सारी उष्णतेने आतून तापला, आणि सुमारे 456 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या तापाच्या खुणा खनिजांत अद्याप शाबूत आहेत.

आपल्या नागपूर जिल्ह्यात काटोल येथे 22 मे 2012 रोजी असाच, एल-6 वर्गातील, अशनिपात झाला. तेव्हा हा विषय परमुलखाचा खचितच नव्हे. जिल्ह्यातील प्रत्येक विद्यार्थ्याला असा पाषाण जवळून पाहावयास मिळावा, याची तजवीज शासनाने केली पाहिजे. आणि नागरिकांस विनंती एवढीच, की आपल्या शेतात आकाशातून धोंडा पडल्यास तो फोडू नये, धुऊ नये, त्यास शेंदूर फासू नये. पडल्या जागेची व वेळेची नोंद करावी, आणि तहसील कचेरीमार्फत तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या हवाली करावा.