वर्षांचें मोल आणि धुराची चव

‘जुनें तें सोनें’ ही म्हण ज्या बाबतींत सर्वांत महाग पडते, ती बाब म्हणजे स्कॉटलंडची धुरकट सिंगल माल्ट व्हिस्की. मद्यपानाचा पुरस्कार करावा हा या लेखाचा हेतु नाहीं. ज्यांस तें वर्ज्य आहे त्यांचा निग्रह आम्हांस आदरणीयच वाटतो. आमचा वाद आहे तो रसिकतेची झूल पांघरून केवळ आंकड्यास मुजरा करणाऱ्यांशीं. बाटलीवर ‘३०’ दिसले कीं यांचे हात जोडले जातात. ‘१०’ दिसले कीं नाकें मुरडतात. चव घेण्यापूर्वींच निकाल लागलेला असतो! चौकटीवरून चित्राचें मोल करणाऱ्यास आपण अरसिक म्हणतों. मग यांस काय म्हणावें?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. आयला बेटावरील लागावुलिन, लाफ्रॉइग, आर्डबेग या भट्ट्यांची ख्याति धुरामुळें आहे. त्यांच्यासाठीं मोड आणलेले जव वाळवितांना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलींत हजारों वर्षें दबून राहिलेल्या वनस्पतींचें मातकट इंधन. त्याच्या धुरांतील फिनॉलवर्गीय द्रव्यें जवांस चिकटतात, आणि त्यांतील कांहीं अंश ऊर्ध्वपातनांतून थेट पेल्यापर्यंत येतो. राख, डांबर, औषधी आयोडीन यांची आठवण करून देणारे जे वास येतात, त्यांचें मूळ येथें आहे. पुढें ओकचें पीप त्यांत व्हॅनिलाचा, मसाल्याचा, सुक्या मेव्याचा गोडवा घालतें. पण वर्षें लोटतात तसतसा धूर ओसरत जातो. म्हणजे जो गृहस्थ धुराच्या हौसेनें ३० वर्षांची बाटली विकत घेतो, तो ज्यासाठीं पैसे मोजतो तेंच तींत कमी झालेलें असतें!

मग किंमत कां चढते? स्कॉटलंडांत पिपांतून दरसाल सुमारें २ टक्के मद्य हवेंत उडून जातें. तेथें त्यास ‘देवदूतांचा वांटा’ म्हणतात. या हिशेबानें ३० वर्षांत जवळजवळ ४५ टक्के माल नाहींसा होतो. वाढलेली किंमत ही या तुटीची, गोदामाची, अडकलेल्या भांडवलाची आणि दुर्मिळतेची आहे. तिला गुणाची पावती समजणें ही शुद्ध भूल होय.

आयलावरीलच पोर्ट एलनची कथा पाहा. मंदीच्या दिवसांत, १९८३ सालीं, ही भट्टी बंद झाली. तिचें उरलेलें मद्य पिपांत म्हातारें झालें तें कोणाच्या तपश्चर्येनें नव्हे, बाजार मंद होता म्हणून! २००१ पासून मालकांनीं तें दरवर्षीं मोजक्या बाटल्यांतून काढलें, त्याचा गवगवा झाला, आणि २०२४ च्या मार्चमध्यें भट्टीहि पुन्हां सुरू झाली. तें मद्य चांगलें नव्हतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु चांगलें ठरलें तें मूळच्या कसामुळें व पिपाच्या गुणामुळें, नुसत्या दिरंगाईमुळें नव्हे.

कोणी म्हणेल, जुन्या मद्याची खोली कोवळ्या मद्यास कशी येईल? आक्षेप रास्त आहे. धूर मागें सरून मेण, सुकें फळ, जुनें चामडें यांचे वास पुढें येतात, ती मौज निराळीच. पण निराळी म्हणजे वरच्या पायरीची नव्हे. कैरीचें लोणचें मुरावें लागतें. म्हणून कोणी गृहिणी बरणीवरची तारीख वाचून त्याची तारीफ करीत नाहीं. ती फोड चाखते, कारण फार मुरलें कीं फोड गळते हें तिला ठाऊक असतें. व्हिस्कीचेंहि तेंच, अतिकाळ पिपांत राहिल्यास जिभेवर लांकडाचा तुरटपणा तेवढा उरतो. शिवाय हवा सर्वत्र सारखी नाहीं. गोव्याच्या उष्ण हवेंत देवदूत फार तहानलेले असतात. तेथील पॉल जॉनची धुरकट माल्ट थोड्याच वर्षांत मुरते. तिला स्कॉटलंडच्या पंचांगानें मोजणें अन्यायाचें आहे.

या आंकडेपूजेचा शेवट कोठें होतो? २०२३ च्या नोव्हेंबरांत लंडन येथें सोथबीच्या लिलांवांत मॅकॅलन १९२६ ची एक बाटली २१ लाख पौंडांहून अधिक किमतीस गेली. ती धुरकट वर्गांतील नव्हे, पण रोग तोच: ६० वर्षें पिपांत राहिलेलें मद्य! तें आतां कोण चाखणार? जें चाखलेंच जात नाहीं, त्यास रसवस्तु कसें म्हणावें? तो केवळ भांडवलाचा रोखा होय.

ज्यास खरोखर पारख करावयाची आहे, त्यानें आंकडा झांकून ठेवावा. अरुंद तोंडाचा पेला घ्यावा, आधीं हुंगावें, मग जिभेवर घोळवावें, आणि चार थेंब पाणी घालून पुन्हां हुंगावें. हा नुसता शिष्टाचार नव्हे. ग्वायकॉल हें धुराच्या वासाचें एक द्रव्य पाणी घातल्यानें पृष्ठभागाकडे येतें, असें स्वीडनमधील लिनियस विद्यापीठांतील कार्लसन व फ्रीडमन यांनीं २०१७ सालीं संगणकावरील अभ्यासानें दाखविलें आहे. एवढें करून आपलें मत ठरवावें, आणि मगच आंकड्यावरचा हात काढावा. दोहोंचा मेळ बसला नाहीं, तर लाज आंकड्यास वाटावी, जिभेस नव्हे.