हजेरीचा आकडा आणि माणसाची पत

पावसाळा सुरू झाला की रविवारच्या सकाळी कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमधून वांगणीच्या फलाटावर तरुणांचे जथे उतरतात. कोणी बेडीसगावच्या धबधब्याकडे निघालेले असतात, तर कोणी चंदेरीच्या पायथ्याच्या चिंचोलीकडे. यांतील पुष्कळांची परस्परांशी पूर्वओळख नसते. कुठल्यातरी संकेतस्थळावर कोणी सहलीची घोषणा करतो, इच्छुक आपले नाव नोंदवतात आणि ठरल्या वेळी तिकीटखिडकीपाशी भेटतात. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यानंतर विस्कटलेले शेजारधर्माचे धागे पुन्हा जुळावेत या हेतूने २००२ साली न्यूयॉर्कमध्ये ‘मीटअप’ सुरू झाले. आज या पद्धतीने ट्रेकच नव्हेत, तर वाचनमंडळे, भाषावर्ग आणि चर्चागटही चालतात. गिरण्या गेल्या, चाळी पाडल्या गेल्या आणि माणसे उपनगरांच्या टोकाला फेकली गेली. अशा काळात अनोळखी माणसे एकत्र येतात, याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु या एकत्र येण्याच्या पोटात एक नवी प्रथा वाढते आहे आणि तिचा विचार वेळीच व्हावयास हवा. नाव नोंदवून कोण आला आणि कोण आला नाही याची नोंद ठेवावयाची, तिच्यावरून सभासदाच्या नावापुढे विश्वासार्हतेचा आकडा किंवा तारे लावावयाचे आणि आकडा घसरला की त्याला पुढच्या कार्यक्रमातून वगळावयाचे, अशी ही प्रथा आहे. संयोजकांची तक्रार खोटी नाही. वीस जणांचा टेम्पो आणि वीस जणांचे जेवण सांगावे आणि प्रत्यक्षात आठच जण यावेत, हा अनुभव कोणालाही संतापवणारा आहे. प्रश्न त्या संतापाचा नाही; त्यावर योजलेल्या उपायाचा आहे.

पहिला दोष गणिताचा आहे. चार सहलींपैकी दोन चुकवणाऱ्याची विश्वासार्हता पन्नास टक्के ठरते, तर वीसपैकी दोन चुकवणाऱ्याची नव्वद टक्के. चुका दोघांच्या सारख्याच; परंतु नवखा अविश्वासू ठरतो आणि जुना विश्वासू. ज्याला जवळ करावयाचे, त्यालाच हा हिशेब दारात अडवतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वेळेवर पोहोचणे हा गुण मानला, तरी ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या हाती आहे त्यालाच तो सहज साधतो. बदलापूरपर्यंत गाड्या पुष्कळ येतात; पुढे वांगणी-शेलूकडे जाणाऱ्या त्यामानाने थोड्या. एक गाडी चुकली की दादरची सभा हुकली. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या दिवशीच्या अनुपस्थितीचे कारण सर्वांना कळले, कारण ते वृत्तपत्रांत छापून आले. रोजच्या उशिराचे कारण कोण छापणार? अंबरनाथच्या कारखान्यात ऐनवेळी दुसरी पाळी करावी लागणारा कामगार, घरातील आजाऱ्याला सोडून निघू न शकणारी स्त्री, लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून पोट भरणारे वांगणीचे दृष्टिहीन रहिवासी, या सर्वांच्या वेळेवर दुसऱ्याची सत्ता असते. हजेरीचा आकडा ही सत्ता पाहत नाही. तो परिस्थितीचे ओझे माणसाच्या चारित्र्याच्या खात्यावर मांडतो.

ही कल्पना मुळात बाजारातून आली आहे. विक्रेत्याला मालाचे दोष ठाऊक असतात आणि ग्राहकाला नसतात, या विषमतेमुळे बाजार कसा बिघडतो हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली मांडले. पूर्वव्यवहारावरून पत ठरवणे हा त्यावरचा एक उपाय. पण बाजारातही तो निर्दोष ठरला नाही. ‘ईबे’वर ग्राहक व विक्रेता परस्परांना गुण देत, तेव्हा सूडाच्या भीतीने प्रतिकूल मत द्यायला लोक कचरत, म्हणून २००८ साली विक्रेत्यांचा ग्राहकांना प्रतिकूल शेरा देण्याचा अधिकार काढून घ्यावा लागला. ‘एअरबीएनबी’ने २०१४ पासून यजमान व पाहुणा यांची मते एकाच वेळी उघड करण्याची पद्धत आणली, तिच्यामागे हीच अडचण होती. जिथे पैशाचा व्यवहार आहे तिथे ही गत. मग जिथे केवळ स्नेह आहे, तिथे गुण देणारा निःस्पृह राहील असे कसे मानावे? मित्राला पाच तारे, वाद घालणाऱ्याला दोन, हेच घडणार.

शिवाय मोजमाप एकदा नियंत्रणाचे साधन झाले की ते मोजमाप म्हणून निरुपयोगी होते, हे चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाचे १९७५ मधील निरीक्षण इथेही लागू पडते. आकडा सांभाळण्यासाठी कोणी नाव नोंदवीतच नाही. कोणी ताप अंगात असताना निसरड्या चंदेरीवर चढतो. वस्तुतः ‘आज मला झेपणार नाही’ असे प्रांजळपणे सांगून मागे फिरणारा सोबती डोंगरात अधिक भरवशाचा. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात दृष्टिहीन आईच्या हातून निसटून रुळांवर पडलेल्या बालकाला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत्या गाडीसमोरून वाचवले. भरवसा म्हणतात तो असा प्रसंगी प्रकट होतो. कोणत्याही तक्त्यात तो आधी नोंदलेला नसतो.

हजेरीवरून माणसाची लायकी ठरवण्याचा इतिहास आपल्या देशाला नवा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः अविश्वसनीय ठरवल्या आणि त्यांना हजेरीच्या जाचात डांबले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. पण त्याने मारलेला शिक्का समाजाच्या मनातून आजही पुसला गेलेला नाही. सहलीचे तारे आणि तो जुलमी कायदा यांना एका पारड्यात घालण्याचा विपर्यास कोणी करू नये. तरीही एक धडा दोन्हीकडे लागू पडतो : नोंद करणारा एक आणि नोंदला जाणारा दुसरा, त्याला उत्तर देण्याची सोय नाही आणि शिक्का पुसण्याची मुदत नाही, अशी व्यवस्था लहान असो वा मोठी, ती अन्यायाकडेच झुकते.

आपल्या कार्यकर्त्यांनी याकडे लक्ष देण्याचे कारण उघड आहे. सभा, शिबिरे, अभ्यासवर्ग यांच्या सूचना आता मोबाइलवरूनच जातात आणि तिथेच नावे नोंदवली जातात. उपस्थितीचे तक्ते आपोआप तयार होतात. त्यावरून कार्यकर्त्यांची प्रतवारी लावण्याचा मोह कोणाही पदाधिकाऱ्याला होऊ शकतो. तसे झाले तर संघटना सवडवाल्यांची होईल आणि जिच्यासाठी ती उभी आहे तो कष्टकरी तिच्या यादीत तळाला जाईल.

गैरहजेरीवर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. खर्चाचा कार्यक्रम असेल तर अल्प वर्गणी आगाऊ घ्यावी आणि ज्याला ती परवडत नाही त्याची ती इतरांनी उचलावी. प्रतीक्षायादी ठेवावी. आदल्या संध्याकाळी एक फोन करावा. ‘येऊ शकत नाही’ असे कळवणाऱ्याचा उपमर्द होऊ नये, म्हणजे लोक कळवतील. नोंद ठेवणे अपरिहार्यच असेल तर ती कृतीची ठेवावी, माणसाची नव्हे; ती चारचौघांत लावू नये, दुसऱ्या गटाला देऊ नये, ठरावीक मुदतीनंतर पुसून टाकावी. आणि कोणालाही वगळण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे. ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यावयाचा त्याला आधी ऐकून घेणे हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व न्यायालयापुरते नाही. ते दहा जणांच्या मंडळालाही बंधनकारक मानले पाहिजे.

विश्वास हा सहवासातून, एकत्र केलेल्या कामातून आणि एकमेकांच्या अडचणी जाणण्यातून वाढतो. दोनदा न आलेल्या सभासदापुढे फुली मारण्याआधी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन यावे. संघटना अशा जाण्यानेच उभ्या राहिल्या आहेत.