शकुंतलेचे एक स्टेशन, सहा फुटांच्या फळीवर



कपाशीवरील कीड आणि हरभऱ्याची पेरणी सोडून आज जरा वेगळ्या पत्राला उत्तर देतो. पातूरजवळच्या एका वाचकाने विचारले आहे, "आमच्या नववीतल्या पोराने फोनवर परदेशी लोकांची टेबलावरची आगगाडी पाहिली. आता शाळेच्या प्रदर्शनासाठी तशीच करायची म्हणतो. साहेब, हा निव्वळ पोरखेळ आहे की यातून काही शिकण्यासारखे आहे?"

शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण एका अटीवर. परदेशी गाडीची नक्कल करू नये. आपल्याच मुलखातली, आपलाच कापूस वाहिलेली गाडी घ्यावी. आणि हात लावण्यापूर्वी तिची पाहणी करावी. जमीन न पाहता बी टाकणाऱ्याचे जे होते, तेच पाहणी न करता प्रतिकृती करणाराचे होते. दिसायला हिरवे, पण हाती काही लागत नाही.

कोणती गाडी घ्यावी?

पातूरला रेल्वे नाही. आपला माल अकोल्यालाच न्यावा लागतो. पण आपला अकोला जिल्हा रेल्वेच्या बाबतीत भाग्यवान. रुळांची तिन्ही मापे या जिल्ह्याने पाहिली. मुंबई-नागपूरची साडेपाच फुटांची ब्रॉडगेज, खांडवा-अकोला-पूर्णा ही एक मीटरची मीटरगेज, आणि मूर्तिजापूरहून सुटणारी अडीच फुटांची नॅरोगेज. ही तिसरी म्हणजे आपली शकुंतला.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. मुख्य मार्गापासून दूर असलेला कापूस मात्र बैलगाडीनेच स्टेशनावर येई. तो लवकर यावा म्हणून वऱ्हाडात छोटे फाटे निघाले. जलंब-खामगाव हा त्यातला जुना, १८७० सालचा. शकुंतलेचे फाटे विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतले. मुंबईच्या किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थेखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने ते बांधले. मूर्तिजापूरपासून एक फाटा दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला जातो, ७६ किलोमीटरचा. दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला जातो, ११३ किलोमीटरचा. वर्धा जिल्ह्यातला पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा फाटाही याच कंपनीचा.

या गाडीचे एक वैशिष्ट्य मुलांना जरूर सांगावे. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी हा मार्ग कंपनीच्या नावेच राहिला. गाडी चालवी सरकारी रेल्वे, रूळ कंपनीचे. गाडी ओढणारे झेडडी जातीचे वाफेचे इंजिन १९२१ साली इंग्लंडात मँचेस्टरला घडवलेले होते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले आणि डिझेल इंजिन आले. पुढे २०१० ते २०२० या दहा वर्षांत दोन्ही फाट्यांवरची गाडी थांबली. म्हणजे आजच्या नववीतल्या पोराने ती चालताना क्वचितच पाहिली असेल.

सबंध मार्ग नको, एकच स्टेशन घ्यावे

आता हिशेब करू. सुतारकामात सोपे पडणारे माप म्हणजे फुटाला पाव इंच. या मापाने सहा फुटी माणूस दीड इंचाचा होतो. अडीच फुटांचा रूळमार्ग बरोबर पाच सुतांचा होतो. ही पाच सुते कोणताही मिस्त्री डोळे मिटून आखून देईल.

पण याच मापाने अचलपूर ते यवतमाळ हा मार्ग करायचा म्हटला, तर प्रतिकृती जवळजवळ चार किलोमीटर लांब होईल! म्हणून सबंध मार्गाचा हव्यास सोडावा. एक स्टेशन निवडावे. कारंजा घ्या, दर्यापूर घ्या, अंजनगाव घ्या. हजार फुटांचे स्टेशनही या मापाने एकवीस फूट भरते. तेव्हा लांबी आखडावी लागणारच. मात्र आखडताना रुळांची संख्या, सांधे कोणत्या बाजूला उघडतात ती दिशा, आणि मालधक्का, पाण्याची टाकी व फलाट यांचा क्रम बदलू नये. शेताचा नकाशा कागदावर लहान होतो, पण विहीर धुऱ्याच्या अलीकडची पलीकडे जात नाही, तसेच हे.

पाहणी कशी करावी?

पहिली पाहणी कागदाची. गावनकाशात रेल्वेची जमीन वेगळी दाखवलेली असते. तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. जिल्ह्याचे गॅझेटियर १९१० सालचे आहे, आणि नंतर महाराष्ट्र शासनाने काढलेलेही आहे. त्यात बाजारपेठा, जिन आणि रस्ते यांची माहिती सापडते. कुणाच्या माळ्यावर जुने रेल्वे वेळापत्रक असेल तर तेही पाहावे. फोनवरच्या आकाशातून घेतलेल्या नकाशात उखडलेल्या रुळाची वाटसुद्धा पुष्कळदा रेघेसारखी दिसते.

दुसरी पाहणी पायांची. वडील माणसाला सोबत घेऊन जावे आणि स्टेशनमास्तरांची किंवा जबाबदार कर्मचाऱ्याची परवानगी घ्यावी. मूर्तिजापूरला ब्रॉडगेजच्या गाड्या धावतात, तिथे रुळात उतरू नये. टेप, वही आणि पेन्सिल बरोबर असावी. मापे त्याच जागी लिहावीत, घरी येऊन आठवून लिहू नयेत. जुना खिळा, पट्टी, रुळाचा तुकडा काही उचलू नये, ती रेल्वेची मालमत्ता आहे.

तिसरी पाहणी माणसांची, आणि तीच सर्वांत मोलाची. रूळ कुठे होता हे नकाशा सांगेल. वाघीण कुठे उभी राहत होती, कोणी ढकलली, किती वेळ थांबली, हे माणूसच सांगेल. रेल्वेतून निवृत्त झालेले सांधेवाले, जिनातले जुने मजूर, मालधक्क्यावरचे हमाल, दिवाणजी आणि गाड्या हाकलेले शेतकरी, यांच्याकडे जावे. वाफेच्या इंजिनावर चढलेला त्या वेळचा तिशीतला माणूस आज साठी ओलांडून गेला आहे. बरेचसे तर सत्तरी-ऐंशीत आहेत. हे काम दोन वर्षांनी करू म्हणून चालणार नाही.

प्रश्न कसा विचारावा यालाही महत्त्व आहे. "आबाजी, पूर्वी कसं होतं?" असे विचारले तर "लय चांगलं होतं बाप्पा" एवढेच उत्तर मिळेल. त्यापेक्षा असे विचारावे:

१. सीतादही होऊन वेचणी लागली की स्टेशनाबाहेर बैलगाड्या कुठपर्यंत उभ्या राहत?

२. वाघिणीत काय भरत, रुईच्या गाठी की सरकी? जिनापर्यंत रूळ होता की गाठी गाडीने आणत?

३. परत येताना वाघीण रिकामी येई की भरून? मीठ, रॉकेल, कापड, धान्य, यातले काय उतरे?

४. डबे मागेपुढे करताना सांधा कोण बदली, डबे कोण जोडी? इंजिन नसेल तेव्हा वाघीण हातांनी ढकलत का?

५. पावसाळ्यात मालधक्क्यावर काय असे?

एक गोष्ट तिघांकडून ऐकावी. तिघांचे जुळले तर खरी धरावी. दोघांचे जुळले आणि तिसऱ्याचे वेगळे निघाले, तर तिन्ही वहीत लिहावीत. सांगणाराचे नाव त्याला विचारूनच लिहावे.

यातून काय कळते?

आता त्या वाचकबंधूंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ही विचारपूस करताना मुलाच्या लक्षात पहिली गोष्ट येईल ती मापाची. अडीच फुटांची वाघीण साडेपाच फुटांच्या रुळावर जात नाही. म्हणून मूर्तिजापूरला माल एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. जिथे माप बदलते तिथे हमाली, खोळंबा आणि नासधूस यांचा खर्च चढतो. आज ट्रक आला तरी हा नियम बदललेला नाही. घरून बाजार, बाजारातून जिन, जिनातून गिरणी, अशा प्रत्येक उतरवणीला क्विंटलमागे काहीतरी कापले जातेच.

दुसरी गोष्ट बाजाराची. शकुंतलेच्या वाटेवरचे कारंजा हे साधे गाव नव्हे. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजाचा कापूस बाजार नियमित झाला. देशातला असा हा पहिला बाजार. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. आपण आज ज्या बाजार समितीत माल नेतो तिचे मूळ तिथे आहे. गाडी येण्यापूर्वी बाजार होता, आणि बाजार होता म्हणून गाडी आली. हा क्रम पोराला एकदा समजला की पुस्तकातला धडा पाठ करावा लागत नाही.

तिसरी गोष्ट दिशेची. भरलेली वाघीण कुणीकडे जाते आणि काय घेऊन परतते, हे फळीवर हाताने ढकलताना डोळ्यांना दिसते. आपली रुई मुंबईच्या गिरण्यांत आणि बंदरावरून परदेशी गेली. कापड होऊन ती आपल्याला पुन्हा विकत घ्यावी लागली. आपल्या कापसाचे बोंड फुटल्यावर पुढे कुठे जाते हे ज्या शेतकऱ्याला ठाऊक असते, तो भावाच्या वेळी निदान योग्य प्रश्न तरी विचारतो.

शंटिंगचा खेळ

प्रतिकृती नुसती पाहायची नसावी, चालवायची असावी. इंग्लंडात अ‍ॅलन राईट नावाच्या हौशी माणसाने एक सोपी मांडणी शोधली. तिला 'इंगलनूक' म्हणतात. फळी तयार होईपर्यंत जमिनीवर खडूने आखूनही ती खेळता येते.

तीन रूळ आखावेत. एकावर पाच वाघिणी मावाव्यात, दुसऱ्या दोहोंवर तीन-तीन. तिन्ही रूळ सांध्यांनी एका आखूड रुळाला मिळावेत, आणि त्यावर इंजिन व तीन वाघिणी एवढीच जागा असावी. आगपेटीच्या आठ पेट्या घ्याव्यात आणि त्यांवर रुई, सरकी, मीठ, रॉकेल, कापड, ज्वारी, लाकूड, कोळसा अशी नावे लिहावीत. चिठ्ठ्या टाकून पाच नावे काढावीत. ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या, त्याच क्रमाने त्या पाच वाघिणी लांब रुळावर लावायच्या. पेटी उचलायची नाही, इंजिनाने ओढायची किंवा ढकलायची. आठांतून पाच क्रमाने निवडण्याचे ६७२० प्रकार होतात, त्यामुळे खेळ लवकर संपत नाही. हा सराव झाला की आपण पाहणी केलेल्या स्टेशनचे खरे रूळ आखून त्यावर खेळावे. सांधेवाल्याच्या कामात किती डोके लागे ते तेव्हा कळेल.

बांधणीचे चार शब्द

सहा फूट लांब आणि सव्वा फूट रुंद फळी पुरे. वाघीण वीस फूट धरली तर ती पाच इंचांची होते, आणि वरची मांडणी या फळीत बसते. रुळांसाठी सायकलचे जुने आरे आणि स्लीपरसाठी बांबूच्या कामट्या चालतात. वाघिणी पुठ्ठ्याच्या कराव्यात. रुळाखाली चाळून घेतलेला बारीक मुरूम डिंकाने बसवावा. झाडांसाठी पऱ्हाटीच्या वाळल्या फांद्यांचे शेंडे छान दिसतात. त्यांवर किडके बोंड राहू देऊ नये. बाकीची पऱ्हाटी मात्र हंगाम संपताच शेतातून काढावी, गुलाबी बोंडअळीचा तो आसरा असतो. विजेची गरज नाही. मुलांनी हाताने गाडी ढकलली तरी चालते.

प्रदर्शनात फळीशेजारी ती वही जरूर ठेवावी. कोणते माप कुठे घेतले आणि कोणती गोष्ट कोणाकडून कळली, हे तिच्यात असेल. परीक्षक फळीला बक्षीस देतील न देतील. वहीची एक प्रत मात्र शाळेत आणि एक गावच्या वाचनालयात द्यावी. फळी पाच वर्षांत वाळवी खाईल, ती वही पुढच्या पिढीच्या कामी येईल.

तेव्हा बंधूंनो, पोराला हो म्हणा. मिस्त्रीकडून पाच सुतांची पट्टी कापून आणा, आणि येत्या सुट्टीत त्याला घेऊन एखाद्या जुन्या सांधेवाल्याच्या ओसरीवर जाऊन बसा.

पुढील अंकी: घरच्या हरभरा बियाण्याची उगवणशक्ती गोणपाटावर कशी तपासावी.