स्वस्त विमानतिकीट आणि लोणारचा प्रवासी

विमानाचे तिकीट स्वस्तात मिळविण्याची साधने आता बुलढाणा जिल्ह्यातील लोणारसारख्या तालुक्याच्या गावीही खिशाखिशात पोहोचली आहेत. निरनिराळ्या कंपन्यांचे दर एकाच पडद्यावर मांडणारी, महिन्यातील कोणत्या तारखेला भाडे कमी आहे हे दिनदर्शिकेत दाखविणारी, भाडे उतरताच सूचना धाडणारी ही साधने फुकट वापरता येतात. दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब सहलीचा बेत आखणारा शिक्षक, दिल्लीहून मुलाखतीचे बोलावणे आलेला विद्यार्थी आणि हैदराबादच्या रुग्णालयात असलेल्या भावाकडे तातडीने निघालेला कारकून, हे तिघेही तीच साधने हाताळतात. तिघांच्या पदरात पडणारी बचत मात्र सारखी नसते. विद्यार्थ्याला थोडी मिळते, शिक्षकाला क्वचित मिळते आणि कारकुनाला बहुधा काहीच मिळत नाही. या फरकाचे कारण साधने हाताळण्याच्या कौशल्यात नाही, भाडे ठरविण्याच्या पद्धतीतच आहे.

बाजारातील मेथीची जुडी सकाळी महाग असते आणि सायंकाळी स्वस्त होते. कारण रात्र उलटली की ती विकली जाणार नाही, हे विक्रेता जाणतो. विमानातील आसन तर मेथीहूनही नाशवंत. दार बंद झाले की रिकाम्या आसनाची किंमत शून्य. तरीही विमान कंपन्यांचा व्यवहार भाजीवाल्याच्या नेमका उलट असतो. उड्डाणाची वेळ जवळ येईल तसे भाडे चढत जाते. या विसंगतीचे उत्तर असे की अखेरच्या दोन दिवसांत येणारा गिऱ्हाईक हौसेने येत नाही, गरजेने येतो. त्याला थांबता येत नाही, तारीख बदलता येत नाही. म्हणून तो मागाल ते देतो. अर्थशास्त्र याला मूल्यभेद म्हणते. एकाच सेवेसाठी प्रत्येकाकडून त्याच्या निकडीप्रमाणे किंमत घ्यावयाची, हे त्याचे सूत्र. त्यासाठी विमानातील आसनांचे अनेक दरगट पाडलेले असतात. स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो आणि कोणत्या गटात किती आसने ठेवावयाची याचा निर्णय संगणक मागणी पाहून घेत राहतो. शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी एकाच खुर्चीसाठी, एकाच चहासाठी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात ते यामुळे.

अमेरिकेने १९७८ मध्ये विमानभाड्यांवरील नियंत्रण उठविल्यावर ही पद्धत तेथे रुजली. जानेवारी १९८५ मध्ये ‘अमेरिकन एअरलाइन्स’ने आगाऊ तिकीट काढणाऱ्यांसाठी अत्यंत स्वस्त, परंतु अटींनी जखडलेले दर जाहीर केले आणि स्वस्त भाड्यावरच जगणारी ‘पीपल एक्स्प्रेस’ ही प्रतिस्पर्धी कंपनी त्या माऱ्यापुढे टिकली नाही. भारतात १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर देशांतर्गत विमानसेवा चार दशके सरकारी मक्तेदारीत होती. त्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला, २००३ मध्ये ‘एअर डेक्कन’ सुरू झाली आणि त्यानंतर मध्यमवर्गाला विमानाचे दार उघडले. हा लाभ खरा आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण दार उघडताना जे वेळेवर योजना आखू शकतात आणि जे आखू शकत नाहीत, अशा दोन रांगाही लागल्या, हे सहसा सांगितले जात नाही.

भाडी शोधणारी संकेतस्थळे या रांगा मोडत नाहीत; पहिल्या रांगेतल्या माणसाला ती अधिक सोयीची जागा दाखवितात, इतकेच. ज्याला मंगळवारऐवजी बुधवारी निघता येते, सकाळऐवजी रात्री पोहोचले तरी चालते, त्याच्यासाठी तारखांची दिनदर्शिका उपयोगी आहे. अमुक वारी तिकीट काढले की ते हटकून स्वस्त मिळते, ही समजूत मात्र निराधार म्हणावी लागेल. तिकीट कोणत्या वारी काढले यापेक्षा प्रवास कोणत्या दिवशी आहे आणि तो किती दिवसांवर आहे, यांवर भाडे ठरते. शासनही हेच मानते. आपल्या कर्मचाऱ्यांनी सरकारी खर्चाच्या प्रवासाचे तिकीट किमान २१ दिवस आधी काढावे आणि उपलब्ध दरांतील सर्वांत स्वस्त विमान निवडावे, अशी सूचना केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून २०२२ मध्ये दिली होती. सरकारी दौऱ्याला हे जमण्यासारखे आहे. परीक्षेचे केंद्र किंवा मुलाखतीची तारीख उशिरा कळणाऱ्या उमेदवाराला २१ दिवस कोठून आणावयाचे?

शिक्षकाची अडचण निराळी आहे. त्याची सुटी वर्षभर आधी ठाऊक असते, परंतु ती त्याच्यासारख्या लाखोंना एकाच वेळी मिळते. ज्या आठवड्यात तो मोकळा, त्याच आठवड्यात मागणीचा कळस. दिनदर्शिकेतले स्वस्त दिवस नेमके शाळेचे असतात.

यापुढे लोणारचा स्वतःचा प्रश्न सुरू होतो. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झालेल्या सरोवरामुळे हे गाव जगाच्या नकाशावर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळाचा दर्जाही मिळाला. पण गावाला रेल्वे नाही. जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके उत्तरेला, तर दक्षिणेकडून सोयीचे जालना सुमारे नव्वद किलोमीटरवर. जवळचा विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा, तोही सुमारे दीडशे किलोमीटर दूर. भाडे शोधणाऱ्या साधनाच्या दृष्टीने मात्र प्रवास विमानतळावर सुरू होतो आणि विमानतळावरच संपतो.

समजा, चौघांच्या एका कुटुंबाला संभाजीनगरहून पहाटेचे विमान दुपारच्या विमानापेक्षा माणशी ६०० रुपयांनी स्वस्त दिसले. पडद्यावर २,४०० रुपयांची बचत झाली. परंतु पहाटेच्या त्या वेळेला पोहोचविणारी एसटी नाही. रात्री जीप ठरवावी लागते. जीपवाला परतीच्या रिकाम्या फेरीचेही पैसे घेतो. किलोमीटरला १२ रुपये धरले तर ३०० किलोमीटरचे ३,६०० रुपये झाले. दुपारच्या विमानासाठी सकाळच्या एसटीने गेले असते तर चौघांचे भाडे, समजा, ६०० रुपये पडले असते. म्हणजे २,४०० रुपये वाचविण्यासाठी ३,००० रुपये अधिक खर्च झाले, आणि रात्रीचे जागरण वेगळे. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत; हिशेबाची रीत हीच राहील. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीचे निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. या सवलती कोणत्याही विमानभाडे शोधणाऱ्या पडद्यावर उमटत नाहीत, आणि लोणारच्या कुटुंबाची खात्रीची बचत तर त्यांतच आहे.

तुलना करणाऱ्या साधनाला तुलना करण्याजोगे काही असावे लागते, हीही एक साधी अट. मुंबई-दिल्ली मार्गावर दिवसभर विमाने असतात. तेथे दर पारखून घेण्यात अर्थ आहे. संभाजीनगरसारख्या विमानतळावरून मोजक्याच शहरांना थेट विमाने जातात, आणि एखाद्या मार्गावर एकच कंपनी असेल तर ग्राहक त्या कंपनीची तुलना तिच्याशीच करीत असतो. देशभरचे चित्रही फारसे वेगळे नाही. ‘जेट एअरवेज’ एप्रिल २०१९ मध्ये आणि ‘गो फर्स्ट’ मे २०२३ मध्ये थांबली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘विस्तारा’ ‘एअर इंडिया’त विलीन झाली. देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक एकट्या ‘इंडिगो’कडे जमा झाले. डिसेंबर २०२५ मध्ये याच कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा इतर विमानांची भाडी इतकी भडकली की सरकारला मर्यादा घालणे भाग पडले: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि दीड हजार किलोमीटरपलीकडे १८,००० रुपये. त्या दिवसांत भाडे शोधणारी सगळी साधने विनातक्रार चालू होती. त्यांना स्वस्त तिकीट सापडले नाही, कारण ते अस्तित्वातच नव्हते.

येथे शासनाच्या धोरणातील विषमता नजरेस येते. खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक आकारू नये, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये घेतला. दिवाळीत तो कितपत पाळला जातो हे पुण्याहून बुलढाण्याकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. तरी तक्रार करावयास एक आकडा आहे. विमानाच्या प्रवाशाला तेवढाही आकडा नाही. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ आणि डिसेंबर २०२५ यांसारख्या संकटांत मर्यादा येते आणि संकट सरले की जाते. ‘उडान’ योजनेने तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घालून पाहिली होती. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीन टप्प्यांतील ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गांवरच विमाने सुरू झाली, ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतर टिकले ते ५४. अनुदानावर उभी राहिलेली स्वस्ताई अनुदानाबरोबर ओसरली.

भाड्यावर कायमची कमाल मर्यादा घालावी असा याचा अर्थ नव्हे. तसे केल्यास पहिल्या रांगेतील स्वस्त आसनेही नाहीशी होतील. परंतु आजारपण, मृत्यू, परीक्षा आणि शासकीय मुलाखत यांसाठी प्रत्येक विमानात काही आसने ठरावीक दराने राखून ठेवणे अशक्य नाही. रेल्वेच्या साध्या शयनयान डब्याचे मूळ भाडे आज काढले काय किंवा दीड महिन्यापूर्वी काढले काय, तेच राहते. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी केंद्र आणि तारीख महिनाभर आधी पक्की कळविली, तर त्यासाठी सरकारला एक पैसाही खर्च नाही. आरंभी एक दर दाखवून अखेरीस शुल्कांची भर घालणे आणि न मागता विमा जोडणे या प्रकारांना नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. तिची अंमलबजावणी मात्र ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहत बसते, आणि चारशे रुपयांसाठी तक्रार करावयास सहसा कोणी जात नाही.

संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ जालना रस्त्यावरच आहे. जालन्याकडून शहरात शिरणारी एसटी त्याच्या जवळूनच जाते. विमानांच्या वेळा आणि या गाड्यांच्या वेळा शेजारी ठेवून एकदा वेळापत्रक लावले, तर लोणार-मेहकरच्या प्रवाशाचा जीपचा खर्च वाचेल आणि सरोवर पाहावयास परगावाहून येणाऱ्यालाही तीच गाडी उपयोगी पडेल.