वेगाला वेसण

मोटारशर्यतीतील अजिंक्यपद केवळ वेगाच्या बळावर मिळत नाही, याचा दाखला २०२५ च्या फॉर्म्युला वन हंगामाने दिला. नोव्हेंबरात लास वेगासच्या शर्यतीत मॅक्स व्हर्स्टॅपन पहिला आणि गुणतक्त्यातील अग्रणी लँडो नॉरिस दुसरा आला, तेव्हा दोघांत ४२ गुणांचे अंतर राहणार होते. परंतु तपासणीत नॉरिस व त्याचा सहकारी ऑस्कर पियास्ट्री यांच्या मोटारींच्या तळाची फळी ९ मिलिमीटर या किमान जाडीपेक्षा किंचित अधिक झिजलेली आढळली. यात लबाडी नव्हती हे पंचांनी मानले. तरीही दोघे बाद ठरले. अंतर एकदम २४ गुणांवर आले, आणि ७ डिसेंबर रोजी अबुधाबीत नॉरिस अजिंक्य ठरला तो अवघ्या दोन गुणांनी!

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागातील तरुणांनी यातून काही घ्यावे, असे आम्हांस वाटते. वेगाची हौस या मातीला नवी नाही. बैलगाडीच्या शर्यतींवर येथील शेतकरी जीव टाकतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. पुढे महाराष्ट्र व कर्नाटक यांनी केलेले कायदे घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरविले. खेळ परतला, पण अटी पत्करून.

मग मोटारसायकलवरील तरुणानेच अटी का झुगाराव्यात? निपाणीजवळचा तवंदी घाट असो, अथवा आमचे वाचक बेळगावास जाताना चढतात ते आंबोली-चोर्ल्याचे घाट असोत, तेथे लावलेल्या पैजेला ना पंच, ना मोजपट्टी. पणाला लागतो तो मात्र पैजेशी संबंध नसलेल्या वाटसरूचा जीव. यास खेळ म्हणणे हा खेळाचाच अपमान होय.

तथापि नुसत्या दंडाने ही हौस मरणार नाही. तिला जागा दिली पाहिजे. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि निपाणीहून कोल्हापूर फार तर तासाभराच्या वाटेवर. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो, खेळाच्या वाटेत ती सीमा येण्याचे कारण नाही. सीमाभागातील महाविद्यालयांनी आपली मुले तेथे धाडावीत आणि बेळगाव परिसरातही असा बंदिस्त ट्रॅक व्हावा म्हणून लोकप्रतिनिधींनी शासनामागे लकडा लावावा. घाटात आणखी एखाद्या निरपराध्याचा बळी जाण्यापूर्वी हे घडावे, एवढीच आमची मागणी आहे.