टोनी कुठे गेला?

फियाट गाड्यांवर अमेरिकेत एक जुना विनोद आहे. एफ, आय, ए, टी, म्हणजे 'फिक्स इट अगेन, टोनी'. टोनी, गाडी परत बिघडली, परत दुरुस्त कर. सगळे समजतात की हा विनोद गाडीवर आहे. मला तो टोनीवर वाटतो. टोनी हे इटलीहून आलेल्या माणसाचं ठरीव नाव. तो गॅरेजमध्येच असणार, त्याचे हात काळेच असणार आणि आपण हाक मारली की तो येणारच, हे सगळं त्या चार अक्षरांत गृहीत धरलेलं आहे.

आज त्याच फियाटची १२४ स्पायडर ही दोन दारांची, उघड्या टपाची गाडी अमेरिकेत निवृत्त लोकांचा लाडका प्रोजेक्ट झाली आहे. ही गाडी १९६६ साली तुरिनच्या मोटार प्रदर्शनात आली. पिनिनफारिनाकडे काम करणाऱ्या टॉम त्यार्डा या अमेरिकन माणसानं ती रेखाटली. तिचं ट्विन-कॅम इंजिन ऑरेलियो लाम्प्रेदीचं, ज्यानं त्याआधी फेरारीची इंजिनं केली होती. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून एका हातानं मागे टाकता येईल असं छत होतं. १९८५ पर्यंत ती बनत राहिली आणि बहुतेक गाड्या अमेरिकेतच विकल्या गेल्या. त्यामुळे तिथल्या गॅरेजांमध्ये आणि गोठ्यांमध्ये ताडपत्रीखाली त्या अजून सापडतात. चाळीस वर्षं मीटिंगा केलेला माणूस अशी एक गाडी आणतो, निळा डगला चढवतो आणि सांगतो, "आता कुठे खरं जगायला लागलोय."

त्याच्या आनंदाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं भांडण शब्दांशी आहे. नट सोडवणं, गंज खरवडणं, गाडीखाली पाठीवर झोपून डोळ्यांत माती घेणं हे काम पासष्टीचा व्हाइस प्रेसिडेंट करतो तेव्हा त्याला 'पॅशन' म्हणतात, 'ध्यान' म्हणतात. तेच काम विशीतला पोरगा पोटासाठी करतो तेव्हा आपण म्हणतो, शिकला नाही म्हणून गॅरेजला लागला. काम तेच, पानाही तोच. फरक एवढाच की एकाला ते करावं लागत नाही. कष्टांना मान मिळायला त्यांची गरज नसणं ही अट असेल, तर तो मान कष्टांना मिळत नाहीये, बँक बॅलन्सला मिळतोय.

मी ओहायोत ऑनसाइट असताना आमचे एक वरिष्ठ निवृत्तीची तयारी म्हणून अशीच स्पायडर घेऊन आले. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. या गाडीच्या दारांखालच्या पट्ट्या, म्हणजे सिल, बोट घातलं की आत जाईल इतक्या सडल्या होत्या. आता, टप नसलेल्या गाडीत सिल ही शोभेची पट्टी नसते. छताचा आधार नाही, म्हणून गाडीचा बराचसा ताठपणा सिल आणि फ्लोअरवर असतो. आधी दाराच्या चौकटीत आडव्या सळ्या ठोकून आकार बांधून न ठेवता सिल कापलं, तर गाडी मधोमध वाकते आणि नवं सिल बसवल्यावर दार कधीच नीट लागत नाही. हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते तासाच्या हिशोबानं बोलावलेल्या चोवीस वर्षांच्या वेल्डरला. त्यानं सळ्या लावल्या, पातळ पत्र्याला भोक न पडेल असे छोटे छोटे टाके घातले, मध्ये थांबून पत्रा गार होऊ दिला. तीन शनिवार गेले. चौथ्या आठवड्यात आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला : 'मी माझ्या हातांनी वाचवलेली गाडी'. फोटोत तो वेल्डर नव्हता.

हसू नका, आपण फार वेगळे नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं. लोखंडाच्या दोन तुकड्यांना कानस मारून ते एकमेकांत बसवायचे, त्याला 'जॉब' म्हणतात. आमच्या कॉलेजात निम्मे जॉब विकत घेतलेले असायचे. जे कसब शिकायला नको म्हणून आपण अठराव्या वर्षी पैसे मोजले, तेच साठीला आणखी पैसे मोजून विकत घ्यायचं, आणि मधली चाळीस वर्षं 'रिटायर झालो की करू' म्हणायचं. गंज तुमच्या पीएफची वाट बघत नाही. बोटांचंही तसंच आहे. बोल्ट तुटायच्या आधी पान्यावर जो एक मऊपणा जाणवतो, तो ओळखायला शेकडो बोल्ट सोडवावे लागतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "सगळं यूट्यूबवर आहे." बरंच आहे, खरंय. व्हिडिओ कुठला स्क्रू ते दाखवतो. किती जोर, हे दाखवता येत नाही. आपल्या धंद्यात हे आपण मानतो. डॉक्युमेंटेशन असूनही रात्री दोनला सर्व्हर पडला की जुन्या माणसालाच फोन लावतो, आणि त्याला सीनिअर म्हणतो, पगारही तसा देतो. गॅरेजमधल्या त्याच अनुभवाला मात्र आपण 'जुगाड' म्हणतो.

मुंबईला हे चांगलं कळायला हवं होतं. फियाट ११०० पासून निघालेली पद्मिनी कुर्ल्यात बनत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा आपण सगळ्यांनी काळ्या-पिवळ्या आठवणी शेअर केल्या. छपाईच्या सीटांवर, मीटरवर, टपावरच्या कॅरिअरवर लिहिलं. त्या गाड्या रोज सकाळी चालू होतील याची काळजी घेणाऱ्या मिस्त्रींवर मी वाचलेल्या पोस्टींमध्ये एक ओळ नव्हती. त्यांचं कसब कुठल्या संग्रहालयात ठेवलेलं नाही. तो मिस्त्री म्हणजेच आपला टोनी.

गंमत म्हणजे ज्यानं हे इंजिन बनवलं त्याला टोनीची आठवण होती. ट्विन-कॅम इंजिनात व्हॉल्व्हचं अंतर जुळवायचं म्हणजे साधारणपणे कॅमशाफ्ट उतरवावे लागत. लाम्प्रेदीच्या इंजिनात अंतर ठरवणारी चकती टॅपेटच्या वरच्या अंगाला बसते. टॅपेट दाबून धरायचं, चकती काढायची, दुसऱ्या जाडीची घालायची. कॅमशाफ्ट जागचा हलत नाही. आपलं डिझाइन एक दिवस कुणीतरी दुरुस्त करणार आहे, आणि त्या माणसाच्या वेळेला किंमत आहे, एवढा साधा आदर त्या चकतीत आहे. आपण लिहितो त्या कोडमध्ये तो किती असतो, ते ज्यानं त्यानं बघावं.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात प्रत्येक गाडीसमोर एक पाटी असते. तिच्यावर मॉडेल, साल आणि मालकाचं नाव असतं. त्याखाली आणखी दोन ओळी हव्यात : पत्र्याचं काम कुणाचं, इंजिन कुणी बांधलं. 'मी केली' असं फक्त त्यानं म्हणावं ज्यानं खरंच केली. आणि तुम्हाला, मला हा नाद असेल तर साठीची वाट बघायची नाही. घराजवळच्या गॅरेजात जाऊन तिथल्या मिस्त्रीला विचारायचं, "उस्ताद, शनिवारी येऊ का शिकायला?" तो फी मागेल. बिनघासाघीस द्यायची. कोडिंगच्या क्लासला आपण कधी घासाघीस केली होती?