विश्लेषण : पिकअपचा गिअरबॉक्स दणकट केला, पण गाडी थांबणार कशी?

डिझेल पिकअप आता फक्त हौद्यातला माल वाहत नाही. मागे जोडलेला जनरेटर, एअर कॉम्प्रेसर, काँक्रीट मिक्सर, कधी बंद पडलेली दुसरी गाडी, असे बरेच काही ती ओढते. त्यातच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पिकअप बाजारात आल्या आणि ‘गिअरबॉक्स मजबूत करून घ्या, मग गाडी काहीही ओढेल’ हा सल्लाही सोबत आला. हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा भाग जिवावर बेतू शकतो. गिअरबॉक्सवर खर्च करण्याआधी तो का तापतो, त्यात नेमके काय बदलतात आणि वजनाची मर्यादा कोण ठरवते, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

सोलापुरात हा प्रश्न महत्त्वाचा का?

पुणे-हैदराबाद आणि विजयपूर-धाराशिव हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग सोलापुरात एकमेकांना छेदतात. सिद्धेश्वर बाजार समितीत येणारा कांदा, सांगोल्याचे डाळिंब, पंढरपूर भागातील द्राक्षे, शहरातली चादर आणि टॉवेल या सगळ्यांच्या वाहतुकीत पिकअपचा मोठा वाटा आहे. यातील बहुतेक गाड्या आजही पाच गिअरच्या मॅन्युअल आहेत. मात्र इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स यांनी डिझेल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ही जोडी पिकअपमध्ये आणली. मोठे बागायतदार आणि ठेकेदार या वर्गाला अशा गाड्यांचे आकर्षण आहे, आणि मागे काहीतरी जोडण्याची गरजही याच वर्गाला अधिक पडते.

इथली दुसरी अडचण हवामानाची. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. भर दुपारी, मागे वजन जोडून, तुळजापूरच्या घाटासारखा चढ चढणे ही कोणत्याही गिअरबॉक्ससाठी कसोटीच असते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओढताना इतका का तापतो?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना क्लच प्लेट जोडते. क्लच पूर्ण सोडला की दोन्ही एकत्र फिरतात. हाफ क्लचवर गाडी चढवली तर प्लेट जळते आणि तिचा वास चालकाला लगेच येतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडची पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या जोरावर समोरची पाती फिरतात. दोन्हींच्या मध्ये घट्ट जोड नसतो, म्हणूनच गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही आणि गाडी हलताना चाकांकडे जाणारा जोर वाढवूनही मिळतो.

या सोयीची किंमत म्हणजे उष्णता. दोन्ही बाजूंच्या वेगात जितका फरक, तितकी शक्ती तेल घुसळण्यात वाया जाते. उदाहरणापुरता हिशेब करू. चढावर हळू चालताना कन्व्हर्टरमध्ये ३० किलोवॉट शक्ती जात असेल आणि त्यातील २० टक्के वाया जात असेल, तर ६ किलोवॉट उष्णता तेलात जाते. घरातला गीझर साधारण २ किलोवॉटचा असतो. म्हणजे तीन गीझर एकाच वेळी त्या तेलात चालू ठेवल्यासारखे झाले. वेग वाढल्यावर आतला ‘लॉक-अप’ क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि ही गळती थांबते. पण वजन जास्त असेल आणि चढ मोठा असेल, तर गाडी त्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही, किंवा गिअर सतत खाली-वर होत राहतो.

हेच तेल गिअरबॉक्सला वंगण देते, थंड ठेवते आणि आतले क्लच दाबून धरण्याचे कामही करते. तेलाचे तापमान साधारण १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा या व्यवसायातला ढोबळ नियम आहे. ८० ते ९५ अंशांच्या आसपास ते निवांत काम करते. १२० च्या पुढे ते झपाट्याने खराब होते, क्लच घसरू लागतात, घसरल्याने आणखी उष्णता तयार होते आणि हे चक्र गिअरबॉक्स बसेपर्यंत थांबत नाही. क्लच प्लेटसारखा वासाचा इशारा इथे वेळेत मिळत नाही. काळपट, करपट वासाचे तेल दिसते तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

‘अपग्रेड’ म्हणजे नेमके काय बदलतात?

या कामाची पंढरी अमेरिका. तिथे फोर्ड, रॅम आणि शेव्हरोले यांच्या मोठ्या डिझेल पिकअप घोड्यांच्या ट्रॉली, बोटी आणि फिरती घरे ओढतात. त्यांचे गिअरबॉक्स मजबूत करून देण्याचा तिथे स्वतंत्र धंदा आहे. बदल साधारण चार प्रकारचे असतात. पहिला, तेलासाठी मोठा किंवा जादा कूलर आणि जास्त तेल मावणारी खोल तेलटाकी. दुसरा, मजबूत लॉक-अप क्लच असलेला टॉर्क कन्व्हर्टर. तिसरा, आतल्या क्लचमध्ये चांगल्या दर्जाच्या किंवा जादा प्लेट आणि भक्कम शाफ्ट. चौथा, तेलाचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत बदल, आणि त्यासोबत गिअर कधी बदलायचा हे ठरवणाऱ्या संगणकाची नवी मांडणी.

तिथला एक धडा मात्र इथे फारसा कुणी सांगत नाही. जनरल मोटर्सने २००१ पासून आपल्या मोठ्या डिझेल पिकअपला एलिसन कंपनीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. तो दणकट म्हणून नावाजला गेला. पण मालकांनी इंजिनाचे ट्युनिंग करून जोर वाढवला, तेव्हा त्याचेही क्लच घसरू लागले आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी ‘लिंप मोड’मध्ये, म्हणजे लंगडत चालण्याच्या स्थितीत जाऊ लागली. आधी इंजिनाचा जोर वाढवला, म्हणून गिअरबॉक्स वाढवावा लागला. भारतातल्या हायलक्सचे २.८ लिटरचे इंजिन मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन-मीटर टॉर्क देते, तर ऑटोमॅटिकमध्ये ५००. इंजिन तेच, आकडा वेगळा. इंजिनाचा जोर आणि गिअरबॉक्स यांची जोडी कारखान्यातच एकत्र ठरते. रिमॅपिंग करून ती जोडी मोडली की खर्चाची साखळी सुरू होते.

खर्च करायचाच असेल तर कोणत्या क्रमाने?

सर्वात आधी तापमान कळायला हवे. गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान दाखवणारा मीटर हा या यादीतला स्वस्तातला आणि सर्वात उपयोगी भाग आहे. त्यानंतर तेल. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे आणि नियमित ओढकाम असेल तर ‘हेवी ड्युटी’ वापरासाठी दिलेल्या कमी अंतरावर ते बदलावे. तिसरा क्रमांक कूलरचा. पुढच्या जाळीत चिखल, कचरा आणि उसाचे पाचट अडकलेले असेल, तर महागडा कूलरही कुचकामी ठरतो.

चौथी गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे चालवण्याची पद्धत. चढावर गिअर वारंवार बदलत असेल तर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून ठेवावा, वेग कमी ठेवावा. उतारावरही खालचा गिअरच ठेवावा, म्हणजे इंजिन गाडीला रोखते आणि ब्रेक तापत नाहीत. कन्व्हर्टर आणि क्लच बदलण्याचा खर्चिक टप्पा यानंतर येतो, तोही गिअरबॉक्स दुरुस्तीसाठी उघडावाच लागला तर. अनेक ठिकाणी मात्र या शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात होते, कारण ‘मजबूत’ हा शब्द ‘थंड’ या शब्दापेक्षा लवकर विकला जातो.

ओढण्याची मर्यादा कोण ठरवते?

सल्ल्याचा उरलेला, धोक्याचा अर्धा भाग इथे आहे. ऑस्ट्रेलियात फोर-व्हील-ड्राइव्ह ऑटोमॅटिक हायलक्सला ३,५०० किलोपर्यंतची ट्रॉली ओढण्याची मुभा आहे. पण ती ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असतील तरच. ब्रेक नसलेल्या ट्रॉलीसाठी त्याच गाडीची मर्यादा फक्त ७५० किलो आहे. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, चालकही तोच. केवळ ट्रॉलीच्या ब्रेकमुळे मर्यादा साडेचार पटींहून अधिक बदलते. ओढण्याची क्षमता म्हणजे थांबण्याची क्षमता, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

कारण साधे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे ३ टन थांबवताना ब्रेकला जितकी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास ५ टनांसाठी लागते. वेग ४० वरून ८० झाला तर ती चौपट होते. शिवाय ५ टक्क्यांच्या उतारावर ५ टनांना खाली ढकलणारा जोर सुमारे २५० किलो वजनाइतका असतो आणि उतार संपेपर्यंत तो कायम राहतो. बिनब्रेकची ट्रॉली अशा वेळी पुढच्या गाडीला ढकलते. वळणावर ती गाडीचे मागचे टोक बाजूला सारते आणि गाडी आडवी होते. ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हूकवर यावा, असा संकेत आहे. माल मागे सरकला तर ट्रॉली डोलू लागते आणि पुढच्या गाडीची पकड सुटते.

सोलापूरकरांना हे चित्र नवे नाही. गाळप हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर जिल्ह्याच्या रस्त्यारस्त्यांवर असतात. त्या ट्रॉल्यांना बहुतेकदा स्वतःचे ब्रेक नसतात. ओढायला ट्रॅक्टर समर्थ असतो, पण प्रश्न उतारावर आणि अचानक थांबताना येतो. हीच चूक पिकअपच्या दुप्पट वेगाने करायची, एवढाच काय तो फरक.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातले तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील, असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत ट्रॉलीही वाहनच आहे, त्यामुळे तिची नोंदणी स्वतंत्र लागते.

थोडक्यात, गिअरबॉक्सवर कितीही खर्च केला तरी गाडीचे पासिंग किलोभरही वाढत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न वजनाचा आणि न कळवलेल्या बदलांचा विचारते. तोवर वॉरंटीचा प्रश्नही निकाली निघालेला असतो.

पिकअपमालकाचे गणित चुकीचे आहे का?

त्याला सरसकट दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. हप्ता महिन्याला ठरलेला असतो, भाडे मात्र फेरीवर मिळते. एका फेरीत जादा माल नेला तर डिझेल वाचते, आणि नाही म्हटले तर व्यापारी शेजारच्या गाडीला हाक मारतो. जादा वजनाचा फायदा माल पाठवणाऱ्याच्या खिशात जातो, तर दंड, जळालेला गिअरबॉक्स आणि अपघाताची जोखीम मालक-चालकाच्या वाट्याला येते. म्हणूनच ‘मजबूत’ गिअरबॉक्सचा त्याला मोह होतो. तो बदल त्याला अधिक वजनाची हिंमत देतो, पण ते वजन थांबवण्याची ताकद देत नाही. बिघडलेला गिअरबॉक्स गाडी रस्त्याकडेला उभी करतो. दणकट केलेला गिअरबॉक्स तीच गाडी घाटमाथ्यावर नेऊन पोहोचवतो आणि पुढचा उतार ब्रेकच्या भरवशावर सोडतो.

मग काय व्हायला हवे?

कंपन्या जाहिरातीत पेलोड ठळकपणे सांगतात. ओढण्याची मर्यादाही, ब्रेकसह आणि ब्रेकविना अशी दोन आकड्यांत, तितक्याच ठळकपणे दारावरच्या पट्टीवर छापली जावी. एमएच १३ असो वा अकलूजचे एमएच ४५, आरटीओच्या तपासणीत ट्रॉलीचे ब्रेक, हूक आणि मागचे दिवे यांना गाडीच्या कागदपत्रांइतकेच महत्त्व मिळावे. जादा माल भरून देणाऱ्यावरही दंडाचा बोजा प्रत्यक्षात पडावा. आयटीआयमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे शिक्षण वाढले, तर गॅरेजमधला सल्लाही ऐकीव माहितीऐवजी समजुतीवर उभा राहील.

आणि मालकासाठी हिशेब एवढाच. महिन्यातून दोनदा जनरेटर ओढायचा असेल, तर मीटर, तेल आणि कूलर पुरेसे आहेत. रोजच पासिंगच्या वर ओढायचे असेल, तर त्याला मोठी गाडी किंवा स्वतःचे ब्रेक असलेली ट्रॉली हवी आहे. दणकट गिअरबॉक्स या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही.